रांगेत आधी कोण? पिशवीच्या तोंडाच्या तपासणीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव शहर असं सगळीकडून पत्रं आणि मेसेज आले. मला वाटलं होतं तपासणी दुखते का, करून घ्यावी का, असं विचारतील, पण तसं विचारणाऱ्या दोघी-तिघीच. बाकी सगळ्यांचं दुखणं वेगळंच आहे, तपासणी झाली पण रिपोर्ट येईना, रिपोर्ट आला पण पुढची तारीख मिळेना, तारीख मिळाली ती दोन महिन्यांनंतरची. म्हणून यावेळी फक्त या रांगेबद्दलच लिहितेय. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमचं गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं आहे. दोन महिन्यांमागं तपासणीची गाडी आली होती, आम्ही पंचवीस-तीस बायकांनी तपासून घेतलं, काचेवर काहीतरी लावून घेऊन गेले. अजून कुणाचाच रिपोर्ट नाही. आशाताईंना विचारलं तर त्या म्हणतात, काही असतं तर फोन आला असता की. माझं वय ४१, त्रास काही नाही. गप बसू का?

उत्तर : गप बसू नका ताई, आणि घाबरूही नका.

आधी घाबरायचं का नाही ते सांगते. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळं होतो, आणि तो व्हायरस अंगात गेल्यापासून कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षं जातात. तुम्हाला त्रास काही नाही, त्यामुळं दोन महिने उशीर झाला म्हणून तुमचं मोठं नुकसान झालं असं नाही.

आता गप का बसायचं नाही ते. तुमची ती काच, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी लावलेली पॅपची स्लाइड, लॅबमध्ये जाते, तिथं एक माणूस मायक्रोस्कोपखाली ती इंचाइंचानं बघतो, शंका आली तर पॅथॉलॉजिस्ट परत बघतात. हे काम डोळ्यांचं आहे, एका माणसानं दिवसात किती स्लाइडी नीट बघायच्या याला मर्यादा असते, आणि आपल्याकडं होतं असं की महिनाभर काही नाही आणि एका आठवड्यात चार शिबिरांचे चार गठ्ठे एकदम येऊन पडतात. मग गठ्ठा तुंबतो. त्यात रिपोर्ट नुसता चांगला किंवा वाईट असा दोनच तऱ्हेचा नसतो, तिसरा एक असतो, 'अनसॅटिस्फॅक्टरी', म्हणजे स्लाइडवर पेशीच पुरेशा नाहीत किंवा रक्तच जास्त, त्यामुळं काही सांगता येत नाही. ही तपासणी झालीच नाही असं धरायचं असतं, दोन ते चार महिन्यांत परत करावी लागते. पण बायकांना सांगताना "काही निघालं नाही" असं सांगून मोकळे होतात.

"काही असतं तर फोन आला असता" या वाक्याची मला फार भीती वाटते, त्याला कारण आहे. काही वर्षांमागं मी ज्या ठिकाणी काम करत होते तिथं एका शिबिराच्या स्लाइडींचा गठ्ठा पाच महिने कपाटावर पडून राहिला. बघणारा माणूस बदलून गेला होता, नवीन आलेल्याला कुणी सांगितलंच नाही. गठ्ठा उघडला तेव्हा एकीचा रिपोर्ट बराच खराब होता. फॉर्मवरचा नंबर तिच्या मुलाचा, मुलगा कामाला गोव्याला गेलेला, सिम बंद. शेवटी गावातल्या दूध डेअरीवर निरोप ठेवला तेव्हा ती सापडली. तिला तपासणीच्या आधीपासूनच अंगावरून लाल जात होतं आणि शिबिरात तिला ते कुणी विचारलं नव्हतं. कॅन्सर दुसऱ्या स्टेजला होता. ती आली तेव्हा मला म्हणाली, "मला वाटलं फोन आला नाही म्हणजे बरंच असेल." त्या दिवसापासून माझ्याकडं तपासायला येणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते की रिपोर्ट हातात पडेपर्यंत तपासणी पूर्ण झाली असं समजायचं नाही.

तुम्ही तारीख, गाडी कुठल्या हॉस्पिटलची होती ते, आणि चिठ्ठीवर नंबर असेल तर तो, एका कागदावर लिहा. सगळ्या पंचवीस-तीस जणींचं एकत्र लिहा, म्हणजे एकटीला हाकलून देणं सोपं जातं तसं होणार नाही. तो कागद घेऊन पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांना भेटा. आणखी एका महिन्यात रिपोर्ट नाहीच मिळाला तर दुसरीकडं परत तपासून घ्या. आणि रिपोर्ट इंग्लिशमध्ये, सिस्टर कन्नडमधून सांगणार, आपण मराठीतून समजून घेणार, यात निम्मं निसटतं, तेव्हा त्यांच्याकडून चार गोष्टी लिहूनच घ्या : कुठली टेस्ट, काय निघालं, पुढं कधी, कुठं. रिपोर्टचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

प्रश्न : मी वडगाव, बेळगावची. माझी आई ५८ वर्षांची आहे, पाळी जाऊन आठ वर्षं झाली. महिनाभर अधूनमधून लाल डाग दिसतात असं तिनं परवा सांगितलं, तेही मी साडी धुवायला घेतली म्हणून. हॉस्पिटलात गेलो तर पॅप टेस्टला गर्दी आहे म्हणून सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. तेवढं थांबलं तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. उद्याच जा.

यात चूक तारीख देणाऱ्याची एकट्याची नाही, खिडकीवर तुम्ही "पॅप टेस्ट करायची आहे" असं सांगितलं असणार आणि त्यानं पॅपच्या रांगेत नाव घातलं. स्क्रीनिंग असतं ते ज्यांना काहीच त्रास नाही अशा बायकांसाठी. तुमच्या आईला त्रास आहे, त्यामुळं ती त्या रांगेतली नाहीच. खिडकीवर सांगायचं ते असं : "पाळी गेल्यावर ब्लीडिंग सुरू झालंय, आजच गायनॅकला दाखवायचंय."

आत गेल्यावर डॉक्टरांनी स्पेक्युलम, म्हणजे आत बघायचं साधन, घालून पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघायला पाहिजे, नुसतं पोटावरून दाबून गोळ्या दिल्या तर तिथून उठू नका. तोंडावर गाठ, जखम काही दिसलं तर त्याच वेळी तुकडा काढून बायोप्सीला पाठवायचा. सोनोग्राफीत पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी बघायची, ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर आतूनही तपासायचं, कारण या वयात ब्लीडिंग तोंडाच्या कॅन्सरमुळं येतं तसं आतल्या अस्तराच्या कॅन्सरमुळंही येतं. आणि कुणी म्हणालं की पॅप नॉर्मल आलाय, आता काळजी नाही, तर ते धरून बसू नका. कॅन्सरची मोठी जखम असली की तिथं सडलेला भाग आणि रक्तच जास्त असतं, स्लाइडवर नीट पेशी येत नाहीत आणि पॅप चांगला येऊ शकतो.

बऱ्याच बायकांत शेवटी निघतं काय तर कोरडेपणा, नाहीतर साधी पॉलिप, म्हणजे कॅन्सर नसलेली छोटी गाठ. तसंच निघो. पण ते बघितल्यावर कळतं.

वाचणाऱ्या बाकीच्या सगळ्यांसाठी : संबंधानंतर लाल जाणं, दोन पाळ्यांच्या मधे लाल जाणं, वास येणारं पाण्यासारखं पांढरं जाणं, यातलं काही असेल तर वय ३० असो नाहीतर ७०, रांगेत थांबायचं नाही. आणि आयांना विचारा हो. "या वयात कुठं दाखवायचं" म्हणून त्या कपडे स्वतःच धुऊन वाळत घालतात आणि सांगत नाहीत.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी निपाणी भागातली आशा कार्यकर्ती. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत आणि शेतात कामाला जाणाऱ्या बायका जास्त. माझ्या आणि शेजारच्या दोन आशांच्या वहीत मिळून २३ जणी पॉझिटिव्ह आहेत, कुणाची व्हीआयए, कुणाचा पॅप, थोड्या जणींची एचपीव्ही टेस्ट. मोठ्या हॉस्पिटलात कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पिशवीचं तोंड मोठं करून बघायची तपासणी, आठवड्यातनं एकच दिवस, आमच्या वाट्याला चार नंबर. मी जी आधी आली तिला आधी असं पाठवालेय, पण मनाला पटत नाही. काही जणी तर दोनदा नंबर लावून गेल्याच नाहीत. कसं करू?

उत्तर : अक्का, तुमचं मन बरोबर सांगतंय. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि हे उत्तर लांबणार आहे.

आधी हिशोब बघू. २३ जणी, आठवड्याला चार, म्हणजे सहा आठवडे. पण त्या सहा आठवड्यांत नवीन पॉझिटिव्ह येत राहणार, आठवड्याला चारपेक्षा जास्त यायला लागल्या तर ही रांग कधीच संपणार नाही, वाढतच जाईल. त्यामुळं दोन कामं वेगवेगळी करायची : आज कोण आधी ते ठरवणं, आणि रांगेत विनाकारण उभ्या असलेल्यांना बाजूला काढणं.

कोण आधी, हे तारखेवर ठरवायचं नाही, धोक्यावर ठरवायचं. वही घ्या आणि प्रत्येकीच्या घरी जाऊन, नाहीतर फोनवर, पण तिच्याशीच बोलून, आधी एकच विचारा : लाल जातंय का, संबंधानंतर जातंय का, वास येतो का? जी हो म्हणेल ती या यादीतून बाहेर, ती याच आठवड्यात डॉक्टरांकडं, कोल्पोस्कोपीच्या नंबरची वाट न बघता. तपासताना ज्यांना सिस्टरनं "गाठ दिसते" किंवा "कॅन्सरचा संशय" असं लिहिलंय त्याही तिच्याबरोबर.

त्यानंतर रिपोर्ट बघायचे. पॅपच्या कागदावर एचएसआयएल, एएससी-एच, एजीसी असली अक्षरं, म्हणजे पेशींत मोठा बदल किंवा त्याचा संशय, असतील तर त्या सगळ्यांत पुढं. ब्रिटनच्या सरकारी यंत्रणेत अशांना दोन आठवड्यांत बघायचं ठरवून दिलंय आणि कमी धोक्याच्यांना सहा आठवड्यांत, आपल्याकडं तेवढी सोय नसली तरी हा क्रम आपल्याला पाळता येतोच. एचपीव्ही टेस्ट झालेल्यांत १६ किंवा १८ नंबर लिहिलेला असेल तर त्या इतर एचपीव्हीवाल्यांच्या पुढं, कारण हे दोन प्रकार मिळून साधारण ७० टक्के कॅन्सर करतात. एएससीयूएस आणि एलएसआयएल, म्हणजे किरकोळ बदल किंवा नुसती शंका, असं लिहिलेल्या मागं गेल्या तर चालतात, त्यातल्या बऱ्याच जणींचं आपोआप बरं होतं.

आणि ज्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या घेतात त्यांना पुढं घ्या. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर व्हायचा धोका सहापट असतो आणि बदलही लवकर होतात, बाकीच्यांना जे पंधरा-वीस वर्षांत होतं ते हिला पाच-दहा वर्षांत. पण हे वहीत लिहू नका. बेळगाव जिल्ह्यात या आजारानं बायकांना काय काय सोसायला लावलंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, वही चार लोकांच्या हाती जाते. नुसती वरच्या नंबरला घ्या, का घेतली ते तुम्हाला आणि डॉक्टरांना माहीत असलं की पुरे.

पोटुशी असेल तर तिची कोल्पोस्कोपी करता येते, उपचार बहुतेक वेळा बाळंतपणानंतर. तिला सोडून देऊ नका, बाळंतपणाची तारीख आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने असं लिहून ठेवा.

हा क्रम तुम्ही एकट्यानं लावायचा नाही. यादी तुम्ही करा, सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी, आणि पीएचसीच्या डॉक्टरांना बसवून सही घ्या. उद्या एखादीचा नवरा भांडायला आला की माझ्या बायकोचा नंबर आधी होता, मागं का टाकलं, तर ते तुमच्या अंगावर यायला नको.

आता बाजूला काढायच्या बायका. तुमच्याकडं व्हीआयएवाल्या जास्त असणार. व्हीआयए म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे पण वाचणाऱ्यांसाठी सांगते, व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिड पातळ करून कापसानं पिशवीच्या तोंडावर लावायचं, एक मिनिट थांबायचं, घड्याळ बघून, अंदाजानं नाही, आणि मग बघायचं. खराब भाग असेल तर तिथं पांढरा डाग उठतो, दाट, कडा स्पष्ट, ताक सांडून वाळल्यासारखा. नुसता फिकट पांढुरका झाला, किंवा सूज असली, तरी घाईत पॉझिटिव्ह लिहिलं जातं. या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलेल्या बऱ्याच जणींना पुढं काहीच निघत नाही. म्हणून एखाद्या अनुभवी डॉक्टरांना पीएचसीला एक दिवस बोलवून व्हीआयएवाल्या सगळ्यांना परत बघून घेता आलं तर रांगेतली बरीच नावं तिथंच कमी होतील. आणि त्यांच्याकडं थर्मल ॲब्लेशनचं, म्हणजे खराब भाग उष्णतेनं जाळायचं, यंत्र असेल, ते बॅटरीवर चालणारं, हातात धरायचं असतं, तर ज्यांचा डाग पूर्ण दिसतोय, आत नळीत गेलेला नाही, कॅन्सरचा संशय नाही, त्यांचा उपचार त्याच दिवशी एक-दोन मिनिटांत होतो. मोठ्या हॉस्पिटलात जायची गरजच नाही. पाळी गेलेल्या बायकांत व्हीआयएवर विसंबू नका, त्या वयात बघायचा भाग आत सरकतो, दिसतच नाही, त्यांना पॅप नाहीतर एचपीव्ही.

राहिल्या नंबर लावूनही न गेलेल्या. त्यांच्यावर रागावू नका. हॉस्पिटलात अशांच्या नावापुढं "आली नाही" लिहून पान उलटतात. तुम्ही विचारा का नाही गेलीस. मला आजवर मिळालेली उत्तरं सांगते : पाळी आली होती, वखारीची मजुरी बुडते, नवरा म्हणाला त्रास नाही तर कशाला, एकटीला तिथं कुठं जायचं कळत नाही, मराठी कुणी बोलत नाही. पाळीवर उपाय म्हणजे नंबर देतानाच पाळीची तारीख विचारून द्यायचा. एकटीवर उपाय म्हणजे दोघी-दोघींना एकत्र पाठवायचं, त्यातली एक कन्नड समजणारी. बसचा खर्च तर आता नाही, शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, आधार कार्ड मात्र जवळ ठेवायला सांगा, एकीला मी तेवढ्यासाठी परत आलेली बघितलंय.

आणि वहीत पाच तारखांचे रकाने करा : तपासलं कधी, रिपोर्ट आला कधी, तिला सांगितलं कधी, ती गेली कधी, उपचार संपला कधी. मोबाईल नंबरसमोर तो कुणाचा ते लिहा, आणि एक दुसरा नंबर, बचत गटातल्या बाईचा किंवा माहेरचा. आपल्या भागात माहेर चंदगड, गडहिंग्लज, कागलकडचं असतं, बाई दोन महिने तिकडं गेली की इकडची यंत्रणा तिला विसरते. दर सोमवारी वही उघडून एवढंच बघायचं की कुणाचा कुठला रकाना रिकामा राहिलाय.

जाता जाता, मिश्री लावणाऱ्या बायकांचं तोंडही त्याच वेळी बॅटरीनं बघून घ्या, पांढरा-लाल चट्टा आहे का. सरकारी कार्यक्रमात ३० च्या पुढच्यांची तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड अशी तिन्ही तपासणी धरलेली आहे.

प्रश्न : मी चिकोडी तालुक्यातला शेतकरी. बायको ३८ वर्षांची, पॅपमध्ये एलएसआयएल आलंय. सरकारी डॉक्टर म्हणाले एक वर्षानं परत बघू. दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो तर म्हणाले, वर्षभर कशाला थांबता, कॅन्सर होणार, पिशवी काढून टाका, ह्या आठवड्यातच करू. उसाचं बिल आलंय, पैसे आहेत. रांगेत थांबण्यापेक्षा काढून टाकलेलं बरं नव्हे का?

उत्तर : नाही दादा. त्या पैशाला हात लावू नका.

एलएसआयएल म्हणजे कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीची शेवटची पायरीही नाही. व्हायरस सध्या अंगात आहे आणि पेशी थोड्या बदलल्यात, एवढंच ते सांगतं. बहुतेक बायकांच्या अंगातून हा व्हायरस दोन वर्षांत आपोआप जातो. तुमच्या बायकोला वर्षानं बोलावलं ते टाळण्यासाठी नाही, त्यांनी बरोबरच ठरवलं. मनाला बरं वाटावं म्हणून एवढं विचारा की एचपीव्ही टेस्ट किंवा कोल्पोस्कोपी करता येईल का, आणि ती पुढच्या काही महिन्यांत झाली तरी चालते.

एलएसआयएलवर पिशवी काढणं हा उपचार नाही. ३८ व्या वर्षी मोठं ऑपरेशन, भूल, पुढं शेतातली कामं, कंबर धरणं, आणि सोबत अंडाशयही काढले तर हाडं ठिसूळ व्हायला चाळिशीतच सुरुवात. याहून मोठी गोष्ट सांगते. बायोप्सी न करता घाईनं पिशवी काढली आणि नंतर आत खरोखर कॅन्सर निघाला, तर ते ऑपरेशन अर्धवट ठरतं, कारण कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं आणि मोठं असतं, मग पुढचा उपचार अवघड होतो. आपल्या भागात पांढरं जातंय म्हणून, कंबर दुखते म्हणून तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या मी इतक्या बघितल्यात की हे लिहिताना जीव तुटतो. कॅन्सरची भीती घालणं सोपं असतं. "बायोप्सीचा रिपोर्ट दाखवा, मग बोलू" एवढं वाक्य लक्षात ठेवा.

वर्षानंतरची तारीख मात्र दोघांनी मिळून लक्षात ठेवायची. कॅलेंडरवर लिहा, उसाच्या तोडणीत विसरून जाल. मधे लाल जायला लागलं तर तारखेची वाट बघायची नाही.

प्रश्न : माझी एचपीव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आणि पॅप नॉर्मल आलाय. वर्षानं बोलावलंय. सासरी कळल्यापासून हे कुठून आणलंस असं विचारतात. मी काय सांगू? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : सांगा की संसार करणाऱ्या बहुतेक सगळ्या माणसांना, बाई असो की पुरुष, आयुष्यात कधी ना कधी हा व्हायरस होतो आणि कळतही नाही. कधी लागला ते कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही, पंधरा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. पुरुषांत तो असतो आणि त्यांना पत्ता नसतो. यावरून कुणाच्या वागण्याचा हिशोब निघत नाही, तुम्ही कुणाला उत्तर द्यायला बांधील नाही. रिपोर्टमध्ये १६ किंवा १८ लिहिलंय का तेवढं बघा, असेल तर पॅप नॉर्मल असला तरी कोल्पोस्कोपी आताच करून घ्या. नसेल तर वर्षानं जा, नक्की जा. नवऱ्याला घेऊन कुणा डॉक्टरांकडं बसलात तर मी म्हणेन फार बरं होईल.

प्रश्न : आमच्या महिला मंडळानं ८ मार्चला मोफत तपासणी शिबिर ठरवलंय, ३०० बायका जमवायच्या आहेत. पॅप घ्यावा की व्हीआयए? देणगीदार तयार आहेत.

उत्तर : तुमच्या उत्साहाला मनापासून नमस्कार, पण आधी मी विचारते ते बघा. ३०० जणींची तपासणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय?

उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, तिथं ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झालाय, २००९ मध्ये तो छापून आला. त्यात व्हीआयए केलेल्या शंभरातल्या साधारण १४ पॉझिटिव्ह आल्या, एचपीव्ही टेस्ट केलेल्या शंभरातल्या साधारण १०. म्हणजे तुमच्या शिबिरातनं चाळीसेक बायका पॉझिटिव्ह निघणार. वर निपाणीच्या अक्कांचं पत्र वाचा, तिथं आठवड्याला चार नंबर मिळतात. या चाळीस जणींना तुम्ही भीती देऊन घरी पाठवणार आणि त्यांच्या आधीपासून थांबलेल्यांची रांग आणखी लांब करणार.

त्यामुळं उलटीकडनं सुरू करा. जवळच्या हॉस्पिटलात जाऊन विचारा की महिन्याला आमच्या किती बायका कोल्पोस्कोपीला घ्याल, लिहून द्या. ते दहा म्हणाले तर महिन्याला सत्तर-ऐंशी बायका तपासा, चार महिने. एकाच दिवशी तीनशेचा फोटो मिळणार नाही, मला माहीत आहे. देणगी मिळतेय तर ती एचपीव्ही टेस्टसाठी मागा, कारण धाराशिवच्या त्याच अभ्यासात आयुष्यातनं एकदा एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. शिवाय त्याचं सँपल बाई स्वतः, पडद्याआड, एका काडीनं घेऊ शकते, त्यामुळं लाजून न येणाऱ्याही येतात. आणि दहातल्या नऊ जणी निगेटिव्ह येऊन पाच वर्षं निवांत होतात, पुढची तपासणी फक्त एकीची.

बोलवायचं कुणाला, तेही ठरवा. मंडळातल्या नेहमीच्या उत्साही बायका दरवर्षी तपासून घेतात, त्यांना यावेळी थांबायला सांगा. ३० ते ४९ वयाच्या, आयुष्यात एकदाही तपासणी न झालेल्या बायका आधी. कणकुंबीकडच्या, काजूच्या फॅक्टरीत जाणाऱ्या, वीटभट्टीवरच्या. विशीतल्या मुलींना या शिबिराची गरज नाही. ९ ते १४ च्या मुलींच्या आयांना लशीबद्दल सांगा, पुण्याच्या सीरमची लस २०२३ पासून बाजारात आहे. आणि खानापूर भागासाठी करणार असाल तर जूनच्या आत उरका, एकदा पाऊस लागला की तिकडच्या बायका पुढच्या तारखेला येऊच शकत नाहीत.

प्रश्न : वहिनीला कॅन्सर निघालाय, बायोप्सी झाली. बेळगावला थांबू, हुबळीला जाऊ की मिरजेला? सगळे वेगवेगळं सांगतात, यातच तीन आठवडे गेले. (खानापूर)

उत्तर : जिथं रेडिएशन लवकरात लवकर सुरू होईल तिथं, आणि जिथं ते सगळं एकाच ठिकाणी पूर्ण होईल तिथं. बेळगाव, हुबळीचं नवनगर, मिरज, कोल्हापूर, सगळीकडं कॅन्सरचे उपचार होतात. स्टेज पुढची असेल तर बाहेरून रेडिएशन, आठवड्याला एक केमो, आणि शेवटी आतून द्यायचं रेडिएशन, ज्याला ब्रेकीथेरपी म्हणतात, हे सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला पाहिजे, लांबलं तर गुण कमी येतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी फोन करून दोनच प्रश्न विचारा : सुरुवात कुठल्या तारखेला, आणि ब्रेकीथेरपी तुमच्याकडंच आहे का.

पैशाचं म्हणाल तर बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत उपचार होतो, सरकारी हॉस्पिटलची रेफरल चिठ्ठी आधी घेऊन ठेवा. मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर, महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी मोफत उपचाराची महात्मा फुले योजना लागू करायचा निर्णय घेतलाय, तुमचं गाव त्यात बसतं का आणि ते हॉस्पिटल घेतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, आधी विचारा, मग निघा. तिकडं शक्तीची फ्री बस सीमेपलीकडं फार लांब चालत नाही, तेवढे पैसे जवळ ठेवा.

आणि कुठंही गेलात तरी बायोप्सी झाली त्या लॅबमधून नुसता कागद नको, काचेच्या स्लाइडी आणि काढलेला तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक, ही दोन्ही मागून घ्या. छोट्याशा डबीत येतात. ती डबी नसली की नवीन हॉस्पिटल परत बायोप्सी करायला सांगतं आणि त्यात आणखी दहा-पंधरा दिवस जातात.